सीजन कशाचा

आमच्या भागात नुसतं ‘सीजन आहे’ म्हणून कोणाचं भागत नाही. समोरचा लगेच विचारतो, कशाचा? मोहाचा सीजन वेगळा, तेंदूपत्त्याचा वेगळा, रोवणीचा वेगळा. लग्नाचा सीजन असला की गावातली शिवणकाम करणारी बाई मान वर करून बोलत नाही. मिरचीचा सीजन आला की अर्धं गाव मिरची तोडायला तेलंगणात जातं आणि मागे राहिलेली कुत्री दिसेल त्या माणसाच्या पायात पायात करतात. वाघ दाखवायला जिप्सी चालवणारी पोरं पावसाळ्यात पारावर बसून सांगतात, आता आमचा सीजन बंद. सुतार सागाच्या फळीवर बोटानं टकटक करून म्हणतो, ही अजून सीजन नाही झाली, दार केलं तर वाकेल.

इतक्या वेळा तोंडात येणारा शब्द, पण तो इंग्रजी आहे हे मला पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. मला वाटे आपलाच आहे, जसा विळा, जसा नांगर. माझी शाळा दुसरीत सुटली. पुढचं वाचणं मी किराण्याच्या पुड्यांच्या कागदावर शिकले, आणि लिहिणं नातीच्या उरलेल्या वह्यांवर. त्यामुळे कुठला शब्द कुठून आला हे विचारायचं मला सुचलंच नाही. शब्द घरात असतात तसे होते. घरातल्या पाटावरवंट्याला कोणी विचारतं का, तू कुठचा?

हा शब्द डोक्यात रुतला तो एका डॉक्टरमुळे. त्यात त्या डॉक्टरचा काही दोष नाही, ते आधीच सांगून टाकते.

चार-पाच वर्षं झाली असतील. मृग लागला होता, पाऊस नव्हता. आमच्या घरचे सकाळी शेतात खताचे ढीग पसरवायला गेले. दुपारी आले, ओसरीत बसले, म्हणाले, ‘डोकं भणभणून राह्यलं.’ मी कांद्याचा रस चोळला. पाणी दिलं तर तोंडातून बाहेर आलं. धाकट्या दिरानं गाडी आणली, तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. ऊन उतरायच्या आत सगळं संपलं होतं. डॉक्टर पोरसवदा होता, त्याचाही शर्ट पाठीला चिकटलेला. तो हळू आवाजात म्हणाला, ‘बाई, उन्हाचा सीजन आहे. आज हे तिसरे.’

मी मान हलवली. जसं कोणी सांगावं की आज बाजारात वांगी नाहीत, तशी. सीजन आहे, बरोबर आहे. असं मला वाटलं, आणि त्याच्यापुढे काहीच वाटलं नाही. जाऊबाई रडली, लेक बल्लारपूरहून आली ती मोटारसायकलवरून उतरता उतरताच रडत होती. मी बसले होते. बाया म्हणत, हिला रडवा, नाहीतर छातीत बसेल. एकीनं माझ्या दंडाला चिमटा काढला. चिमटा कळला, पण तो दुसऱ्या कोणाच्या दंडाला काढल्यासारखा कळला.

आता इथे आमच्याकडची एक रीत सांगावी लागेल, नाहीतर पुढचं ध्यानात येणार नाही. ज्या घरचा धनी गेला त्या घरानं तेरवी होईपर्यंत बियाण्याला हात लावायचा नाही. भाऊकी दहाव्या दिवशी मोकळी होते, घर मात्र तेराव्याला. आणि आमचं धान असं की आधी एका कोपऱ्यात दाट पेरून रोपं करायची, त्याला पऱ्हे म्हणतात. ते वीतभर झाले की उपटून, जुड्या बांधून, चिखल केलेल्या बांध्यांमधून रोवायचे. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरा, म्हणजे मातीचा बांध, घातलेला शेताचा तुकडा. माझ्या सहा बांध्या आहेत, दीड एकराच्या. दिराच्या विहिरीला पाणी होतं, त्यानं पऱ्हे आधीच टाकले होते. गावातल्या बाकीच्यांनी त्या तेरा दिवसांत टाकले, कारण पाऊस नेमका तेव्हाच आला. माझं बियाणं ढोलीत, धान्याच्या कणगीत, तसंच राहिलं.

तेरवी झाल्यावर जाऊबाईनं विचारलं, ‘बाई, बियाणं भिजू घालू का?’

मी काय म्हटलं ते आठवत नाही. ती सांगते की मी म्हटलं, ‘पाह्यतो.’ आठ दिवसांनी तिनं परत विचारलं. मी परत म्हटलं, पाह्यतो. पाहत काहीच नव्हते. ओसरीत बसून समोरच्या छपराच्या कवेलूंवरून पाणी गळायचं ते बघत होते, पण ते बघणंही काही बघणं नव्हतं. पुढे मग पऱ्हे टाकायची वेळच गेली. श्रावणात मी ते बियाणं कांडून आणलं आणि भात करून खाल्ला. बियाण्याचा भात करणारी बाई आमच्या गावात माझ्याआधी कोणी झाली नसेल. कोणी मला बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

लेकीचं म्हणणं सरळ होतं. ‘आई, एक वर्ष पडीत राहू दे. तू माझ्याकडे चाल. दोन खोल्या आहेत, नळ आहे, तुझा जावई मिलमध्ये, नात कॉलेजात गेली की घरात मी एकटीच असते.’ जावईही भला माणूस. त्यानं बसायला प्लास्टिकची नवी खुर्ची आणली, माझ्यासाठी म्हणून. खुर्चीचा फोटो लेकीनं मला फोनवर दाखवला.

पण गावातल्या लोकांना माहीत आहे, आणि मलाही माहीत होतं, की शेत एक वर्ष पडीत राहिलं की ते पडीतच होतं. पहिल्या वर्षी गवत, दुसऱ्या वर्षी बेशरमाची झुडपं, रानडुकरं त्यात बसतात आणि शेजारच्याचं धान खातात, मग शेजारी येऊन गोड बोलतो, वैनी, तुम्ही इथी नसताच तर मीच वाहतो. मग घराला कुलूप, मग कुलपाला गंज. आमच्या गल्लीत अशी दोन घरं आहेत. माझं तिसरं व्हायचं की नाही, एवढाच काय तो प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर द्यायला माझ्याकडे कोणी घरी नव्हतं. मीसुद्धा.

लेकीला म्हटलं, ‘येतो.’ तिनं दिवस ठरवला. मी दोन लुगडी पिशवीत घातली.

ज्या दिवशी ती यायची होती त्याच्या दोन दिवस आधी, सकाळी सकाळी, जाऊबाई दारात उभी. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, लुगड्याचा ओचा वर खोचलेला.

‘बाई, चाला.’

‘कुठी?’

‘तुमच्याच वावरात. कुठी म्हंते. चाला, बाया खोळंबल्या.’

मी गेले. का गेले हे विचाराल तर तिनं हात धरला होता म्हणून.

आता दुसरी रीत. रोवणी संपली की प्रत्येकाकडे थोडे पऱ्हे उरतात. ते आमच्याकडे कोणी विकत नाही आणि फेकतही नाही. धुऱ्यावर पाण्यात ठेवून देतात. ज्याच्या शेतात कमी पडले त्यानं न विचारता घेऊन जायचे, आणि देणाऱ्यानं कोण घेऊन गेलं हे विचारायचं नाही. तर जाऊबाईनं तीन दिवस फिरून गावभरच्या धुऱ्यांवरच्या जुड्या गोळा केल्या होत्या. दिरानं मला न सांगता बांध्यांमध्ये चिखलणी करून ठेवली होती. आणि बावीस-तेवीस बाया, ज्यांची स्वतःची रोवणी आटोपली होती, त्या माझ्या बांध्यांमध्ये कमरेत वाकून उभ्या होत्या.

मला धुऱ्यावर बसवलं. मी बसले आणि ऐकत राहिले. बायांना रोवताना गप्प बसता येत नाही, पाठ दुखते.

‘हे कोणाचे पऱ्हे वो? किती पिवळे!’

‘तुह्याच धुऱ्यावरचे हायेत.’

‘माहे? माहे असे नसते.’

‘नवरा पाह्य तुहा, मग पऱ्हे पाह्य. दोघंही खातेत आणि अंगाले काही लागत नाई.’

सगळ्या हसल्या. जिला बोलल्या तीही हसली आणि चिखलाचा गोळा फेकला, तो नेमका माझ्या पदरावर बसला. एकदम सगळ्यांचे हात थांबले. विधवेच्या पदरावर चिखल, तेरवीला महिना झालेला. मी तो गोळा काढला आणि पाण्यात टाकला. ‘रोवा,’ मी म्हटलं, ‘वाळून राह्यले पऱ्हे.’ तेवढंच बोलले. जाऊबाई नंतर म्हणायची की त्या दिवशी तिला कळलं, बाई आत कुठेतरी आहे. मला काही तसं कळलं नव्हतं. पऱ्हे वाळत होते, म्हणून वाळत आहेत म्हटलं.

शेवटची जुडी घरधनिणीनं रोवायची असते. ती माझ्या हातात दिली. मी उतरून रोवली. पायाला चिखल गार लागला असणार, श्रावणातला चिखल गार असतोच. मला तो गारही नाही आणि कोमटही नाही असा लागला.

लेक आली तेव्हा शेत हिरवं उभं होतं. तिनं धुऱ्यावरून पाहिलं आणि जाऊबाईला म्हणाली, ‘काकू, हे काय केलं तुम्ही? आता हिला इथे कोण बघणार?’

‘आम्ही काय मेलो का?’ जाऊबाई म्हणाली. मग तिनंच जीभ चावली. लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीतली लुगडी परत दांडीवर टाकत होते. काही ठरवून नाही. ओल लागली होती, वाळायला टाकली. लेक म्हणाली, ‘बरं, मग दिवाळीला येते न्यायला.’ मी म्हटलं, ‘बरं.’

चूक कळली ती दसऱ्याच्या सुमाराला, आणि ती चूक फक्त आमच्या गावच्या बायाच करू शकतात. गावभरचे पऱ्हे गोळा केले खरे, पण धान तीन तऱ्हेचं असतं. हलकं धान लवकर पिकतं, दसरा-दिवाळीच्या मधे. मध्यम त्याच्यानंतर. भारी धान थेट मार्गशीर्षात. पऱ्हे असताना सगळे सारखेच दिसतात. बायांनी हाताला येईल ती जुडी सोडून रोवली होती. एकाच बांधीत एक पट्टा पिवळा होऊन वाकला, त्याला लागून दुसरा हिरवागार, तिसऱ्याला तर अजून लोंबी निघायची. वरून पाहिलं तर ठिगळं लावलेल्या गोधडीसारखं शेत. माणसं रस्त्यानं जाताना सायकल थांबवून बघत.

दीर आला. ओसरीच्या खाली उभा राहून म्हणाला, ‘वैनी, पाणी ठेवू का सोडू?’

हा प्रश्न साधा नाही. हलकं धान कापायला आलं की बांधीतलं पाणी सोडून जमीन वाळवायची असते, नाहीतर कापलेलं धान पाण्यात पडून कुजतं. भारी धानाला त्याच वेळी तळ्याचं पाणी पाजायचं असतं, नाहीतर लोंब्या पोचट राहतात. एका बांधीत दोन्ही. पाणी सोडलं तर भारी जातं, ठेवलं तर हलकं.

‘तूच सांग भाऊ,’ मी म्हटलं.

‘मी काऊन सांगू? वावर तुमचं हाय.’

तो तिथेच उभा राहिला. घाम पुसत नव्हता, जात नव्हता. मला वाटतं त्याला जाऊबाईनं शिकवून पाठवलं होतं, की उत्तर घेतल्याशिवाय परत येऊ नको. समोर शेळी बाभळीची डहाळी खात होती, तिचा कटकट आवाज येत होता.

‘ठेव,’ मी म्हटलं.

‘मग हलकं कसं कापान?’

‘पाण्यात उभं राहून. नुसत्या लोंब्या कापीन आणि टोपल्यात टाकीन.’

‘असं कोणी कापते का?’

‘मी कापतो ना.’

तो गेला. मी उठून विळा शोधला.

लोंब्या कापणं हे काम किती वेडं आहे ते धान करणाऱ्यालाच समजेल. चार बायांचं एका दिवसाचं काम एका बाईला आठ दिवस पुरतं. घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहायचं, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपलं. एका हातानं लोंब्यांचा झुपका धरायचा, दुसऱ्यानं कापायचा, डोक्यावर टाकायचा. टोपलं भरलं की धुऱ्यावरच्या ताडपत्रीवर ओतायचं. पायाची बोटं पांढरी होऊन फुगली. जळवा लागल्या. जाऊबाई मधून मधून यायची, म्हणायची, ‘बाई, माह्यानं चूक झाली.’ मी म्हणायची, ‘झाली तर झाली.’ तिच्यावर राग नव्हता. राग यायला जे लागतं ते माझ्यात शिल्लक नव्हतं. पण हात चालत होते. हाताचं आणि माझं त्या दिवसांत काही देणंघेणं नव्हतं. ते सकाळी उठत आणि विळा घेत.

दिवाळीला लेक आली, बरोबर नात. लेकीनं माझे पाय पाहिले आणि तेल कोमट करायला गेली. नात अकरावीत होती तेव्हा, फोनमध्ये जगातलं सगळं असतं तिच्या. मी म्हटलं, ‘आता मध्यमाचा सीजन आला, मग भारीचा, मग येतो तुमच्याकडे.’ तिला हसू आलं.

‘आजी, तू दर वाक्यात सीजन म्हणते. त्याचा मूळ अर्थ माहीत आहे का तुला?’

‘मूळ म्हणजे?’

‘म्हणजे जुना. आधीचा. थांब.’ तिनं फोनवर बोट फिरवलं. ‘इंग्रजांनी तो फ्रेंच लोकांकडून घेतला. त्यांनी लॅटिनमधून. आणि लॅटिनमध्ये त्याचा अर्थ होता पेरणी. पेरायचं काम.’

‘त्याइले धान होते का?’

‘गहू असेल, आजी.’

‘मग वेळेले काय म्हणत?’

‘तेच तर. पेरायची वेळ म्हणता म्हणता कुठलीही वेळ सीजन झाली. मग फळ पिकवणं, मग जेवणाला चव आणणं, मग लाकूड वाळवणं. सगळं त्या पेरणीतून निघालं.’

मी म्हटलं आपला हंगाम बघ. तो फारसीतून आलेला निघाला. मोसम बघ म्हटलं, तर तो अरबी, आणि इंग्रजांचा मान्सूनही त्यातूनच. म्हणजे आपण तोंडात घोळवतो ते सगळेच कुठून कुठून आलेले, घरचा ऋतू तेवढा पोथीत बसलेला, त्याला शेतात कोणी बोलावत नाही. नातीला हे पटलं, तिनं वहीत लिहून घेतलं. मी मात्र त्या उन्हाच्या सीजनवाल्या डॉक्टरपाशी जाऊन थांबले. पेरणी. त्यानं तेव्हा असं म्हटलं असतं का, बाई, उन्हाची पेरणी आहे? कसलाही अर्थ लागत नाही. मी ते मनात दोन-तीनदा म्हणून पाहिलं, काही हललं नाही, मग सोडून दिलं. शब्दाचं मूळ सापडलं म्हणून माणसाचं काही सापडत नाही. पण तेव्हापासून कोणी सीजन म्हटलं की मी मनातल्या मनात विचारते, कोणी पेरलं? सवय लागली, एवढंच.

‘मग चल ना आता,’ लेक तेल चोळता चोळता म्हणाली. ‘राहिलेलं काका कापतील.’

‘ते पाण्यात उभे नाई राहत. त्याइचे गुडघे धरतेत.’

‘आणि तुझे?’

‘माहे मले कळतच नाईत.’

तिनं तेलाची वाटी जवळ ओढली. मग म्हणाली, ‘आई, तू रडली का गं एकदा तरी?’ नात फोन बाजूला ठेवून ऐकत होती. मी म्हटलं, ‘नाही.’ लेकीनं माझा पाय मांडीवरून खाली ठेवला नाही, चोळतच राहिली, तेल संपलं तरी.

मध्यम धान कार्तिकात कापलं. तोवर तळ्याचं पाणी सरत आलं होतं, बांधीत नुसता चिखल होता, म्हणून ते थोडं सोपं गेलं. भारी धान मार्गशीर्षात. तेव्हा जमीन वाळली होती, थंडी पडली होती, आणि कापायला जाऊबाई आणि आणखी दोघी आल्या. मळणी केली तर तीन तऱ्हेचं धान एकत्र, लांब दाणा, बुटका दाणा, तांबूस दाणा. गिरणीवाला म्हणाला, ‘हे काय आणलं वो बाई, साऱ्या गावाचं झाडून आणलं का?’ मी म्हटलं, ‘हो.’ त्यानं धान गिरणीत ओतलं. त्याचा भात शिजवला की काही शितं मऊ होत, काही कच्ची राहत. मी वर्षभर तोच खाल्ला.

लेकीचा फोन आला. ‘झालं का कापून?’

‘झालं.’

‘मग शनिवारी येऊ?’

मी फोन कानाला धरून ओसरीत उभी होते. बांध्यांमध्ये आता नुसते खुंट होते. ‘शुक्रवारी सांगतो,’ म्हटलं.

मग मी जाऊबाईकडे गेले. ती अंगणात बसून सुपानं धानाचा कोंडा उडवत होती, सगळा डोक्यात गेलेला, पांढरी झाली होती.

‘माह्या धानात भेसळ हाय,’ मी म्हटलं. ‘ते काही पेरता येत नाई.’

‘मले माहीत हाय ना बाई. माह्याचमुळे.’

‘ते सोड. तुह्याकडे भारी धानाचं बियाणं हाय ना, एकजात? अर्धं पोतं माह्यासाठी ठेवशील का?’

तिनं सूप खाली ठेवलं. तोंडावरचा कोंडा पदरानं पुसला, मग परत पुसला.

‘ठेवीन,’ ती म्हणाली. ‘पन या वक्ताले पऱ्हे तुम्ही टाकसाल.’

‘मीच टाकीन.’

‘मग बसा. चहा मांडतो.’

मी बसले. चहा झाला, प्यायले. साखर जास्त होती.